फळीचं दुसरं टोक

“मुलं कुठायत तुमची?” मी विचारलं.

ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात दर शनिवारी आमच्या कलासंग्रहालयात भुशाच्या गालिच्याचा वर्ग असतो. आईबाप आणि पोरं मिळून अंगणात रंगवलेला लाकडाचा भुसा पसरतात, आणि शिकवते मी. नियम एकच, मुलाशिवाय प्रवेश नाही. आणि हा तिशीचा ताडमाड माणूस एका म्हातारबांचा हात धरून माझ्यासमोर उभा!

“मूल मीच,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. “आणि हे माझे पालक.”

“हट्टी आहे, पण चावत नाही,” म्हातारबा म्हणाले. “घे गं पोरी त्याला.”

मी हसले... आणि तिथेच फसले.

त्याचं नाव ओतोनियेल. वडिलांचं नाव त्रान्सितो. गुड फ्रायडेची मिरवणूक त्यांच्या दारावरून जाते. दरवर्षी दारापुढचा गालिचा ओफेलियाबाई घालायच्या, म्हणजे त्याची आई. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. म्हातारबांच्या गुडघ्यांना वाकणं जमत नाही, पण दार ओकंबोकं ठेवायचं नाही असा त्यांचा हेका. म्हणून लेक समुद्राकाठच्या लिव्हिंगस्टनहून, बोटींची इंजिनं सोडून, सुट्टी काढून आला होता. ईस्टरच्या आदल्या शनिवारी त्याची परतीची बस. हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. बरंच केलं म्हणा. कानांनी ऐकलं, पण बाकीच्या मला कोण समजावणार?

घातलेल्या गालिच्यावर पाय द्यायचा नसतो. दोन्ही बाजूंना विटा रचून वर फळी टाकायची आणि तिच्यावर पालथं पडून भुसा चाळायचा. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा, दोघांनी मध्यापर्यंत सरकत यायचं. आता शिकवणारीने फळीवर कशाला चढायचं? पण म्हातारबांना जमेना, मग दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवंच ना!

“बाई, जांभळा संपला.”

“संपला नाही, तुम्ही सांडलात. आणि मला बाई म्हणू नका.”

“मग काय म्हणू?”

“डेल्मी.”

“डेल्मी...” तो हळूच म्हणाला. फळी हलली. त्याने हलवली की मी, कुणास ठाऊक.

“घाई करा रे,” म्हातारबा स्टुलावरून ओरडले. “फूल करायला सांगितलंय, लग्न नाही!”

सगळं अंगण खिदळलं. मी चाळणीत तोंड खुपसलं. केसांत भुसा, नाकात कोरोसोच्या पिवळ्या फुलांचा वास, आणि समोर वीतभर अंतरावर त्याच्या पापण्यांवर बसलेली जांभळी धूळ. फुंकर मारावीशी वाटली. नाही मारली.

“एवढं राबायचं,” एकदा त्याने विचारलं, “आणि मिरवणूक एका फेरीत तुडवून जाणार. वाईट नाही वाटत?”

“तुडवला तर नाही वाटत. तो पायांसाठीच असतो. दोन वर्षांपूर्वी मिरवणूक यायच्या आधीच अवेळी पाऊस आला. माझा गालिचा गटारात वाहून गेला, एकही पाऊल न पडता. तेव्हा रडले होते.”

त्याने चाळणी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

“मिरवणुकीतल्या पालखीला तुमचा खांदा कुठल्या रस्त्याला?” मी विषय बदलला.

“कॅथेड्रलजवळ. उंचांचा गट तिकडे. आमच्या गल्लीत बुटक्यांची पाळी आहे.”

पालखीखाली खांदे उंचीप्रमाणेच लावतात. बुटक्यांत एक उंच घुसला तर सगळा भार त्याच्या एकट्याच्या मानेवर. म्हणजे आम्ही दोघांनी घातलेल्या गालिच्यावरून हा चालणारच नव्हता! मला वेड्यासारखं वाईट वाटलं.

गुरुवारची रात्र त्यांच्या दारात जागून काढली. ओफेलियाबाईंच्या आवडीची पांढरी लिली मधोमध, भोवती जांभळी चौकट. मध्यावर पोचलो तेव्हा दोघांची बोटं एकाच पाकळीवर होती. तो काहीतरी बोलणार होता... मीही. पण म्हातारबा भुशावर पाणी शिंपडायला झारी घेऊन आले. पहाटे तो खांदेकऱ्यांचा झगा घालायला गेला. उद्या बस, आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

सकाळी धुपाच्या धुरातून पालखी आली. ढोल, तुताऱ्या, जांभळे झगे. मी म्हातारबांचा हात धरून उभी होते, बघवत नव्हतं तरी बघत होते.

आणि बुटक्या डोक्यांच्या रांगेत एक डोकं उंच! गुडघे वाकवलेले, मान तिरकी, चेहरा लालबुंद. पालखीचं सगळं ओझं त्याच्याच खांद्यावर. गालिच्याशी आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लिलीवर पाय ठेवला.

“गाढव आहे माझा मुलगा,” म्हातारबा डोळे पुसत म्हणाले. “पाळी बदलून घेतलीन वाटतं.”

मी उत्तर द्यायला थांबलेच नाही. तुडवलेल्या भुशातून, लोकांच्या गर्दीतून वाट काढत कोपऱ्यापर्यंत धावले. पाळी संपून तो तिथे भिंतीला टेकला होता. झगा खांद्यावर फाटलेला, आत कातडी सोललेली.

“वेडबिड लागलंय का तुला?” कधी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, कळलंच नाही.

“एकही पाऊल न पडता गेलेला गालिचा तुला रडवतो म्हणालीस.”

“ऐक. तू उद्या जाणार, माहीत आहे. तरी सांगते. तू मला आवडतोस. खूप. जाऊ नयेस असं वाटतं.”

 तो खांदा चोळत हसला.

“काल रात्री सांगितलं असतंस, तर हा वाचला असता!”

“काल रात्री तू का नाही बोललास?”

“मी बोलतच होतो... झारी आली.”

त्याच्या पापण्यांवर पुन्हा धूळ होती. या वेळी मी फुंकर मारली. सगळा रस्ता बघत होता, बघू दे.

शनिवारी तो गेलाच. इंजिनं कुणासाठी थांबत नाहीत. बस वळेपर्यंत मी हसत होते, वळल्यावर नाही. म्हातारबांनी खिशातून पाकातल्या पावाची पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली.

“जूनमध्ये कॉर्पसच्या सणाची मिरवणूक असते,” ते म्हणाले. “तेव्हाही दारापुढे गालिचा घालायचाय मला. बजावलंय त्याला.”

“ओफेलियाबाई कॉर्पसलाही घालायच्या?”

“कधीच नाही,” म्हातारबा म्हणाले.

फळी मी त्यांच्याच ओसरीत ठेवून आलेय.