सूर्याच्या वादळात सरकलेला बांध

“अर्पे, ऐकलंस का? सखूकाकूची बोअर आता आपली!” रणधीर ओरडतच आला.

मे महिन्याच्या सुट्टीत अर्पिता आणि रणधीर ही भावंडं भूम गावाजवळ आजोबांच्या, म्हणजे आण्णासाहेबांच्या गावी आली होती. सकाळी मोजणीदार गौरीशंकर उपग्रहाच्या यंत्रानं बांध मोजत असताना, पळापळीत तिचा यंत्राच्या तिपाईला धक्का लागला होता. कुणाला न सांगता ती तशीच पुढं पळाली. आणि आता मोजणीत बांध शेजारच्या सखूबाईंच्या रानात सहा फूट सरकला होता! उद्या हद्दीचे दगड रोवले की सखूबाईंचं पाणी गेलंच.

संध्याकाळी तिनं भाकरी तशीच ताटात ठेवली. शेवटी तिनं रणधीरला सगळं सांगितलं.

“मग सांगून टाक की!”

“आण्णा लई खूश हायत रे...”

दुसऱ्या दिवशी बांधावर सगळे जमले. सखूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. अर्पिताला राहवेना. “काका, काल माझा धक्का लागला!”

गौरीशंकर हसले. “म्या बघितलं व्हतं. यंत्र पुन्हा लावूनच मोजलं.”

“मग बांध सरकला कसा? काल रोवलेल्या खुंटीवरच परत मोजून दाखवा की!” रणधीर म्हणाला.

कुरकुरत त्यांनी मोजलं. कालच्या आकड्यात आणि आजच्यात चार फुटांचा फरक! दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं, तर आकडा तिसराच! खुंटी तर जागची हलली नव्हती.

“सूर्य!” रणधीरनं मोबाइल पुढं केला. “बातमी बघा! सूर्यावर स्फोट झाले. तिथून उडालेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळले. लडाखचं आभाळसुद्धा लाल झालं!”

“म्हणजे वरची हवा ढवळली,” अर्पिताला उमगलं, “आणि उपग्रहाचे संदेश वेळेवर पोचेनात. त्या वेळेवरूनच तर यंत्र अंतर काढतं!”

गौरीशंकरांचा चेहरा पडला. “कालपास्नं यंत्र धोक्याची खूण दाखवत व्हतं. मला साखरपुड्याला जायची घाई... वादळ शमलं की नव्यानं मोजतो.”

“पोरं लई हुशार!” सखूबाईंनी दोघांच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

“न्हाय काकू,” अर्पिताचे डोळे भरले. “कालच बोलायला पायजे व्हतं.”

आण्णासाहेबांनी तिला जवळ घेतलं. “तू निदान आज तरी बोललीस, बाळा. हा बांध माझ्या वडलांनी माझ्यादेखत घातला. यंत्र चुकलंय, हे मला कालच ठाऊक व्हतं.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सखूबाईंपुढं हात जोडले.