शालनबाईंचं मौन

"आत्या, आज एकदाच खरं सांगा... माझ्या लेकीचा एवढा राग का हाय तुमाला?"

करुणानं हातातली पिशवी ओट्यावर आपटली आणि ती सासूसमोर उभी राहिली. डोळ्यांत पाणी, आवाजात कंप! साडेतीन वर्षांची पायल आल्या आल्या आजीच्या मांडीवर जाऊन बसली होती. शालनबाईंनी सुनेकडं पाहिलं, नातीकडं पाहिलं, ओठ हलले... आणि पुन्हा मिटले.

"बघा! आताबी न्हाय! साऱ्या कऱ्हाटी गावाशी बोलता, म्हशीशी बोलता, आन् माझी पोर म्होरं आली की तोंडाला कुलूप! बहिरी पोर जन्माला घातली, ह्योच ना माझा गुन्हा?"

पदरानं तोंड झाकून करुणा आत निघून गेली. शालनबाईंच्या अंतःकरणात जणू सुरी फिरली. राग? या सोन्याच्या तुकड्यावर राग?

शालनबाई गप्प बसतात, हे गावात कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी लोक हसले असते. एसटीत बसल्या की बारामती येईपर्यंत शेजारणीच्या नणंदेचं बाळंतपण कुठल्या दवाखान्यात झालं इथपर्यंत त्यांची मजल जायची! पण पायल वर्षाची असताना डॉक्टरांनी सांगितलं, पोरीला ऐकू येत नाही, आणि त्याच दिवशी या माउलीनं मनोमन एक निश्चय केला. उपाशी माणसासमोर आपण घास घेत नाही. मग जिला शब्द लाभत नाही तिच्यासमोर आपण कुठल्या तोंडानं बोलायचं? तेव्हापासून पायल समोर असली की आजी मुकी. नुसते हात, डोळे आणि पापे! त्याग बोलून दाखवला की त्याचं पुण्य जातं अशीही त्यांची समजूत, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नव्हता. बिचाऱ्या करुणाला वाटायचं, सासू आपल्यावर रुसली आहे.

वर्षापूर्वी पुण्यात पायलच्या कानाचं ऑपरेशन झालं, कानामागं मशीन बसलं. आता आठवड्याभरात पोर बोलणार म्हणून सगळे तिच्या तोंडाकडं बघत बसले! पोर बोलली नाही, तसं शालनबाईंनी मनाशी धरलं, हिला अजून ऐकू येतच नाही. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, "नुसत्या मशीननं होत नाही. ऐकून बोलायला शिकवणारं जाणकार माणूस शोधा, आणि लवकर शोधा. ही वर्षं पुन्हा येत नाहीत." शोधता शोधता बारामतीत एक गृहस्थ सापडले. ते आईला बाहेर बसवायचे, दार लावायचे आणि पोरीपुढं चित्रांचे पत्ते धरायचे. आठ महिन्यांत पायल एकच गोष्ट शिकली... दार दिसलं की रडायचं. आज करुणानं तिला तिथून उचलून आणलं होतं आणि सगळा संताप सासूवर काढला होता.

पण करुणा हातपाय गाळणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं पुण्याच्या दवाखान्यातून नावं मागवली आणि ज्याला त्याला फोन लावून तीनच प्रश्न विचारले. शिक्षण काय? एवढ्या लहान, मशीन लावलेल्या मुलांबरोबर किती वर्षं काम केलंय? आणि मला आत बसू देणार का? तिसऱ्या प्रश्नाला बरेच जण घुटमळले. त्यांतल्या रेश्माताई मात्र खळखळून हसल्या.

"अहो, तुम्ही आत नसाल तर मी शिकवू कुणाला? तुम्हालाच तर शिकवायचंय! मी दर गुरुवारी बारामतीत असते. दिवसभर तिच्याजवळ जे कुणी असतं, त्यांनाही आणा."

त्या गुरुवारी सुमितनं कंपनीत रजा टाकली आणि तो बायकोला, लेकीला, आईला घेऊन निघाला. सासू-सुना वाटेत एकमेकींशी अक्षर बोलल्या नाहीत. रेश्माताईंनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं, पायलपुढं भातुकलीची भांडी मांडली आणि विचारलं, "आजी, दिवसभर तुम्ही हिच्याशी काय काय बोलता?"

शालनबाई खाली बघू लागल्या. करुणा कोरडेपणानं म्हणाली, "त्या न्हाय बोलत."

मग मात्र शालनबाईंचा बांध फुटला! पायल भांड्यांत गुंग आहे असं पाहून त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्या कुजबुजल्या, "तिला ऐकूच येत न्हाय, बाई... तिच्याम्होरं आपुन बोलायचं म्हंजी उपाशी लेकराम्होरं जेवल्यावानीच की! न्हाय बोलत मी. अडीच वर्सं झाली."

करुणा सासूकडं वळली. "म्हंजी... राग न्हवता?"

"कसला राग गं? माझा जीव हाय ती!"

"आत्या!" करुणानं सासूच्या गळ्यात हात टाकले, आणि दोघी हुंदके देऊन रडू लागल्या. "मग मला सांगायचं तरी!"

"कवा सांगू? ही सारखी माझ्याच मांडीवर!"

रेश्माताई हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग शालनबाईंचा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "आजी, आता तिला ऐकू येतंय. ताट तिच्यापुढं आलंय... वाढणारा हात तेवढा थांबलाय."

"अगं आई गं!" शालनबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हंजी मीच उपाशी ठिवली व्हय पोरीला?"

"मायेपोटी ठेवलीत. अजून वेळ गेलेली नाही, पण आता एक दिवसही वाया घालवायचा नाही. जे कराल ते बोलत बोलत करा. आधी बोला, मग दाखवा. तुमच्यासारखं बोलणारं माणूस घरात असावं म्हणून मी लोकांच्या विनवण्या करते, आजी!"

मग काय विचारता! अडीच वर्षांचं तुंबलेलं बोलणं त्या घरात वाहू लागलं. भाकरी थापताना पीठ, पाणी, तवा. गोठ्यात शेपूट, शेण, वासरू. वर गावातल्या भानगडी तोंडी लावायला. सुमितनं गमतीनं जादा ड्युटी मागून घेण्याची धमकी दिली. करुणा एकही गुरुवार चुकवत नव्हती, आणि घरी येऊन रेश्माताईंचा धडा सासूला शिकवत होती. पायल आवाजाकडं मान वळवू लागली, हाक मारली की थांबू लागली... पण तोंडातून शब्द काही येईना. शालनबाई मात्र थकल्या नाहीत.

चार महिन्यांनी एका दुपारी त्या पायलला शेजारी घेऊन मेथी निवडत होत्या. घसा कोरडा पडला म्हणून दोन क्षण थांबल्या, तांब्या तोंडाला लावला. पायलनं वाट पाहिली, आजीच्या तोंडाकडं पाहिलं, पदर ओढला.

"आजी... बोल."

मोरीत धुणं धूत असलेली करुणा साबणाच्या हातांनी तशीच धावत आली. "आत्या! ऐकलं का? बोलली!"

आणि जन्मभर जिला कधी शब्द कमी पडले नाहीत त्या शालनबाईंच्या तोंडून आज एक अक्षर फुटेना! डोळ्यांतून घळाघळा धारा... पायलनं पुन्हा पदर ओढला. "बोल!"

करुणा सासूला खेटून बसली, ओल्या हातानं त्यांची पाठ चोळू लागली. "बोला की, आत्या. थांबलीय ती."

शालनबाईंनी पदरानं नाक पुसलं, मेथीची एक काडी उचलली आणि बोलायला सुरुवात केली.