बाजूला काढलेला घास

गोष्ट इरावतीची, पण सुरुवात डब्यापासून करावी लागेल. झालं ते सगळं डब्यापायीच.

इथं परदेशात, शहराच्या कडेला, टाकानिनीत नव्या घरांची एक रांग आहे. सगळी करडी, भिंतीला भिंत लागलेली. दमून आलेला माणूस दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावेल अशी. त्यातल्या शेवटच्या घरात इरावती एक खोली भाड्यानं घेऊन राहायची. मिरजेची पोर, तिथंच डॉक्टर झालेली. इथं येऊन परीक्षा पास झाली, तरी जागा मिळेना. दोन वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या, भरवलं, आणि मग कुठं थंडी सुरू होता होता एका हॉस्पिटलात हाउस ऑफिसर म्हणून लागली. हाउस ऑफिसर म्हणजे वॉर्डातली सगळ्यांत धाकटी डॉक्टर. हे पहिलं वर्ष नीट पार पडलं तर पक्की नोंदणी, नाहीतर दोन वर्षांची वाट आणि आईवडिलांचा धीर, दोन्ही पाण्यात.

शेजारी आनंदीकाकू. नवरा ईस्ट टामाकीच्या गोदामात कामाला, मुलगा आपल्या खोलीत, त्यामुळे काकूंना भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं. जे ऐकू यायचं नाही, ते त्या विचारून घ्यायच्या.

"दुपारी काय खातेस गं?"

"सँडविच."

"म्हणजे उपाशी राहतेस, असं सांग की."

दुसऱ्या दिवसापासून कुंपणावरून डबा सुरू झाला. पोळी, मेथीची भाजी, वरणभात, आणि लसणीची चटणी.

वॉर्डात वाईट कोणीच नव्हतं, हीच तर पंचाईत. वाईट असते तर भांडता आलं असतं. सगळे एकाच कॉलेजातले. जेवणाच्या खोलीत बसले की कुणाचं समुद्राकाठचं घर, कुणी कुठला डोंगर चढला, असल्या गप्पा. विनोद झाला की इरावती हसायची, पण जरा उशिरा. आणि ती हसेपर्यंत बाकीचे पुढच्या गोष्टीवर गेलेले असायचे. तिच्या नावाचं पहिल्याच आठवड्यात 'इरा' झालं होतं, पुढं कुणी 'इवा'ही म्हणायला लागलं. तिनं दुरुस्त केलं नाही.

त्या दिवशी तिनं काकूंचा डबा तिथं उघडला. एकजण नुसता उठला आणि खिडकी उघडून आला. जूनच्या, म्हणजे इथल्या ऐन थंडीच्या, गारठ्यात. तिच्याकडे बघून हसला पण. इरावतीनं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन वॉर्डाच्या पार टोकाला गेली. तिथली एक खोली बंद होती. छत गळतं, काम चालू आहे, असा कागद दारावर होता, पण काम काही चालू नव्हतं. दाराला कुलूपही नव्हतं. आत गादी नसलेला पलंग, एक स्टूल, आणि खिडकीशी रेक्झिनची आरामखुर्ची. वर छताची एक फळी काढलेली, तिथं काळा चौकोन. बाहेर धुकं एवढं, की भर दुपारी गाड्यांच्या तळावरचे दिवे लागलेले. ओल्या पोपड्यांचा वास येत होता. आणि शांतता. कान भरून यावेत अशी.

ती स्टुलावर बसली. झाकणावर आधी एक घास काढून ठेवला. ही तिच्या वडिलांची, पुरुषोत्तमांची सवय. जेवायला बसले की ताटाबाहेर पहिला घास. "कुणी उपाशी आलं असेल तर त्याचा," म्हणायचे. कुणी म्हणजे कोण, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

जेवण झाल्यावर तो घास टाकायला तिनं झाकण उचललं आणि थबकली. घास होता तिथंच होता. पण त्याला वास नव्हता. लसणीची चटणी लावलेला घास, आणि वास नाही! तिनं कण जिभेवर ठेवून बघितला. ओला कापूस. सर्दी झाली असेल, असं म्हणून ती कामाला लागली.

पण रोजच तसं व्हायला लागलं. आणि खरं सांगायचं तर तिला तिथं बरं वाटायला लागलं. तिथं कुणी "परत सांगशील का?" म्हणत नव्हतं. ती मराठीतून मोठ्यानं बोलायची. कोण काय म्हणालं, कुठं चुकलं, आईला फोनवर काय खोटं सांगितलं, सगळं. आरामखुर्ची मोकळी असून ती स्टुलावरच बसायची. कुणाच्या घरी गेलं की त्यांच्या जागेवर आपण बसत नाही ना, तसं.

एकदा ती बोलता बोलता थांबली, तेव्हा मागं आवाज झाला. स्स्स… दबलेली गादी हळूहळू वर येते तसा. कुणीतरी खुर्चीतून उठल्यासारखा.

इरावतीनं मान वळवली नाही. घास काढून ठेवलेलं झाकण मात्र तिनं जरासं मागं सरकवलं.

इकडं काकूंनी संध्याकाळी डबा घासायला घेतला, आणि सवयीनं नाकाला लावला. मग लेकाच्या नाकाला लावला.

"वेदांत, बघ रे, कसला वास येतो?"

"नथिंग, मम. इट्स क्लीन."

"क्लीन कसा असेल? सकाळी भरल्या वांग्याची भाजी घातलीय मी!"

त्या तडक शेजारी गेल्या. इरावती दिवा न लावता बसली होती.

"डबा कुणाला देतेस गं? खरं सांग."

"मीच खाते, काकू."

"मग अशी वाळलीस का?"

तिला बोलणंच अवघड होत चाललं होतं. त्याच सकाळी राउंडला मोठ्या डॉक्टरांनी पेशंटच्या पोटॅशियमचा आकडा विचारला. तिला पाठ होता. तोंड उघडलं, आणि इंग्लिश नव्हतंच तिथं. रोजचे शब्द काचेपलीकडं ठेवल्यासारखे. दिसत होते, हाताला लागत नव्हते. मग तिच्या तोंडून मराठीतून आकडा आला. सगळे बघत राहिले. मोठ्या डॉक्टरांनी नंतर बाजूला घेऊन अगदी प्रेमानं सांगितलं, की असंच चाललं तर हे वर्ष पुरं करणं जमेल का, याचा विचार कर. बाहेर पडताना आपोआप सरकणारं दार तिच्यासाठी सरकेना. मागून झाडूवाल्या बाई आल्या, तेव्हा ते उघडलं.

"काकू," ती अंधारात म्हणाली, "मला परत जावंसं वाटतंय… पण कुठं परत, तेच आठवत नाही."

काकूंनी आधी दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इरावती त्या खोलीतून बाहेर आली, तर समोर हेनी उभी. हेनी म्हणजे वॉर्डाची मुख्य नर्स, माओरी, धिप्पाड, हसतमुख बाई. तिचं लक्ष डब्यावर गेलं आणि हसू मावळलं.

"तू… आत जेवलीस?"

इरावतीनं मान डोलावली.

"आजच?"

"रोज," इरावती म्हणाली. एवढा शब्द आला.

"एकटीच?"

इरावतीची नजर मागं, आरामखुर्चीकडं गेली.

हेनी रागावली नाही. तिनं डबा खाली ठेवायला लावला, हात धरून बेसिनकडं नेलं आणि स्वतः पाणी सोडून तिचे हात धुतले. मग डोक्यावर चार थेंब शिंपडले. आपल्याकडं स्मशानातून आल्यावर करतात, तसंच अगदी. मग खालच्या आवाजात सांगितलं. इथं कुणी गेलं, की खोलीत कराकिया होते, म्हणजे प्रार्थना. पाणी शिंपडतात. तोवर ती खोली कुणाला देत नाहीत, आणि तिथं अन्न तर न्यायचंच नाही. हे इथल्या सगळ्यांना इतकं ठाऊक, की कुणी कुणाला सांगत नाही.

"तुला कुणी सांगितलंच नाही, लव्ह. आमची चूक."

"कोण… होतं?"

"ट्रूस. हॉलंडची. तरुणपणी बोटीनं आली होती, सगळा जन्म इथंच गेला. शेवटी आजारात इंग्लिश विसरली बिचारी. आपलीच भाषा बोलायची. कुणाला कळायचं नाही. ताट ठेवलं की खायची नाही, नुसती दाराकडं बघत बसायची. सगळे जेवायला गेलो होतो, तेव्हा गेली. त्याच रात्री छत गळायला लागलं, खोली बंद केली. प्रार्थना झाली असेल, असं मी समजले. बाकीचेही तसंच समजले."

इरावती तिथंच भिंतीला टेकून रडली. भीतीनं नाही. सगळा जन्म काढून शेवटी काचेपलीकडंच राहिलेली बाई तिला डोळ्यांपुढं दिसत होती, आणि तिचा चेहरा मात्र दिसत नव्हता. तिथं तिला आपलाच दिसत होता.

संध्याकाळी काकूंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, घास काढायचा तो आपल्या घरात! गेलेल्या माणसाच्या खोलीत बसून रोज पान वाढलंस तिला?" मग मऊ होऊन म्हणाल्या, "उपाशी होती गं. खाणारच. पण आता तुझी पाहुणी झाली. नीट निरोप दे तिला."

दोनच दिवसांत प्रार्थना ठरली. एक वृद्ध गृहस्थ आले, काठी टेकत. वॉर्डातले सगळे दाराशी जमले. खिडकी उघडणाराही होता. इरावती मागं उभी होती. हेनीनं तिला दंडाला धरून पुढं ओढलं, आपल्या शेजारी. संथ सुरात प्रार्थना सुरू झाली, मग सगळ्यांनी गाणं म्हटलं. शब्द कळत नव्हते, तरी इरावती त्यांच्याबरोबर ओठ हलवत होती. कोपऱ्याकोपऱ्यांत पाणी शिंपडलं गेलं. आरामखुर्चीवर थेंब पडले, आणि गादीचा तो आवाज झाला. स्स्स… हळू, लांबलचक. इतर कुणी वळून बघितलं नाही.

इरावतीला म्हणायचं होतं, सुखानं जा. पण आपल्यात दारातून निघालेल्या माणसाला 'जा' कुणी म्हणतं का? जन्माची सवय. तिच्या तोंडून हलकेच निघालं, "ये हं."

नंतर सगळे चहाला बसले. प्रार्थनेनंतर खायलाच हवं, असं हेनीनं बजावलं आणि आपल्या बाजूची खुर्ची इरावतीसाठी ओढली. काकूंनी मुद्दाम जास्तीची थालिपीठं आणि ठेचा दिला होता. खिडकीवाल्यानं ठेच्याचं बोट चाटलं, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि सगळे हसले. इरावतीही हसली, सगळ्यांबरोबर. तिला तिखट लागलं. लसूण लागली. हेनी तिचं नाव घोकत होती, "इ-रा-व-ती. बरोबर?"

"बरोबर," इरावती म्हणाली. इंग्लिशमध्ये.

वर्षाची काळजी मिटली. चेहऱ्यावर रंग आला. काकूंनी जिथं तिथं सांगितलं, की पोर वाचली.

वसंतात एका शनिवारी दोघी बाजाराला गेल्या. ऊन छान पडलेलं. एका टपरीवर एक म्हातारा गोरा माणूस चीज विकत होता. मोठाली पिवळी चाकं, पुढ्यात चाखायला तुकडे. काकू पलीकडं कोथिंबीर निवडत होत्या. इरावती वाकून त्याला काहीतरी म्हणाली, आणि काकूंनी बघितलं, म्हाताऱ्याच्या हातातली सुरी थांबली. तो तिच्याकडं बघत राहिला. मग अनोळखी भाषेत काहीतरी बोलला.

"सॉरी?" इरावती हसत म्हणाली.

"काय विचारलंस गं त्यांना?" काकू जवळ आल्या.

"काही नाही, किलोचा भाव."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "नाही," तो इंग्लिशमध्ये काकूंना म्हणाला. "माझ्या आईच्या वेळची डच बोलली ही. आता असं कुणी बोलत नाही… मला म्हणाली, 'मी कधीची तयार होऊन बसलेय. मला न्यायला कुणी आलंय का?'"

काकूंनी इरावतीचा हात घट्ट धरला. इरावती अजून हसतच होती, काही न कळल्यासारखी.

म्हाताऱ्यानं दोन तुकडे कापले. एक इरावतीला दिला. दुसरा त्यानं तिच्या डाव्या बाजूला, जिथं कुणीच उभं नव्हतं तिथं, पुढं केला, आणि कितीतरी वेळ हात तसाच धरून उभा राहिला.