अब्बांच्या शिसवाची बासरी

घोडेगावच्या बाजारात मुजफ्फर खरादी म्हटलं की लोकांना त्यानं लाकडातून कातलेले पाळण्याचे पाय आठवायचे. अलीकडे मात्र तो फ्रान्सच्या बासऱ्या करी. तीनशे वर्षांपूर्वी तिकडच्या राजदरबारात वाजायच्या तशाच आडव्या, शेवटच्या भोकावर पितळी चावी बसवलेल्या. गावाला ते खूळ वाटे. मुजफ्फर कुणाच्या नादी लागत नसे.

यंदाच्या बासरीचं शिसव नबीलालअब्बांनी दिलं होतं, तरुणपणापासून जपलेलं. म्हाताऱ्याची छाती जन्मभराच्या भुशानं भरलेली. नगरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. "माझ्या डोळ्यांदेखत वाजू दे," एवढंच अब्बांचं मागणं. मुजफ्फरचा बापावर फार जीव होता.

बासरी झाली आणि दुसऱ्याच सकाळी आतून ओली निघाली. कुणीतरी रात्री फुंकत असावं, आणि नवी बासरी जास्त फुंकली तर तडकते, म्हणून त्यानं ती कपाटात कुलपात ठेवली. तरी रोज सकाळी आतून फिरवलेलं फडकं ओलं निघे.

"तू वाजवतीस का गं?" त्यानं बायकोला विचारलं.

"मला कुठं जमतंय," बानू हसली. "लाकूड कच्चं आसंल."

जन्मभर वाळलेलं लाकूड कच्चं कसं असेल?

एका दुपारी त्यानं नेहमीची परीक्षा घेतली. खालच्या तोंडाला बूच मारायचं, भोकं बोटांनी झाकायची आणि आतली हवा ओढायची. बासरी ओठांना चिकटली की समजायचं, कुठं गळती नाही.

बासरी चिकटली. आतल्या खोलीतला अब्बांचा खोकला थांबला.

आधी त्याला बरंच वाटलं. मग घरघरही ऐकू येईना. त्यानं दारातून पाहिलं. अब्बांचं तोंड उघडं होतं, छाती खाली बसलेली, डोळे त्याच्यावर.

त्यानं बोटं उचलली. अब्बांनी लांब श्वास घेतला.

योगायोग असेल म्हणून त्यानं पुन्हा करून पाहिलं.

तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

ही बासरी मागवलेल्या फ्रान्सच्या गिऱ्हाइकाला त्यानं कळवलं, लाकडात अजून ओल आहे. बासरी अब्बांच्या उशाशी उघडीच ठेवली. बानूला काही बोलला नाही, तिनं वेड्यातच काढलं असतं. अब्बा दूध-भाकरी खाऊ लागले. मुजफ्फरला फार हलकं वाटलं.

ईदच्या तोंडावर तो पितळेसाठी नगरला गेला. परतला तेव्हा बानू अंगणात तांदूळ निवडत होती.

"घर झाडलं आज," ती म्हणाली. "तुमच्या बासरीत धूळ जात हुती. बूच मारलं, समद्या भोकांत कापूस घातला आन कपाटात ठिवली."

"अब्बा?"

"निजलेत. सकाळपासनं एकदाबी खोकले न्हाईत."