ब्रँडनची पावती

"डोरीनला काल मी कामावरून काढलं," कोट न काढताच ओरिशिया ह्नाट्युक खुर्चीत बसली, "आणि तेव्हापासून घास उतरत नाहीये."

मेनो फ्रीसनने वही उघडली. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो खासगी तपासनीस सिग्रुन ब्यॉर्नसनच्या हाताखाली होता, आणि दर प्रकरणात पहिल्या पाच मिनिटांतच त्याचा गोंधळ उडायचा.

हकिगत अशी होती. बँकेने लिंडन रिज गावात चिपची नवी डेबिट कार्डं वाटली होती. ओरिशियाच्या किराणा दुकानात शुक्रवारी नवं मशीन सुरू झालं. एक ते दोनच्या दरम्यान रांग दारापर्यंत गेली आणि त्याच गडबडीत मागच्या खोलीतून तिच्या दिवंगत नवऱ्याची त्सिम्बाली नाहीशी झाली. तारांवर लाकडी हातोड्या मारून वाजवायचं ते वाद्य त्याच्या आजोबांनी हाताने घडवलेलं. मागच्या दाराचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे: सतरा वर्षं गल्ल्यावर बसणारी डोरीन, भाचा तारस आणि नवऱ्याचा वादक मित्र मेट्रो.

मेट्रो दुकानातच भेटला. गल्ल्यावर सूचना चिकटवली होती: 'जुनी कार्डं महिनाअखेरपर्यंत चालतील.'

"मी एकपासून या डबड्यापुढे उभा होतो!" मेट्रो तडकला. "पिन चूक, परत चूक. लग्नाची तारीख ठेवली होती. मागून बायको ओरडली, 'मेल्या, तारीखच चुकतोयस!' रांगेतल्या कुणालाही विचारा."

सिग्रुनने विचारलं. रांगेतले अजूनही हसत होते.

डोरीन आपल्या घरी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

"हो, दहा मिनिटं मागे गेले होते. मशीनवाल्यांना फोन करायला. त्सिम्बाली तेव्हा जागेवर होती का, ते पाहिलं नाही. सुटायचंच असतं, तर 'होती' म्हणाले असते ना?"

मेनोला ते पटलं. मग वाटलं, कसलेला चोरही असंच बोलेल.

तारसच्या घरी त्याची बायको शेरिल कॉफी ओतत होती. तारसने पावती पुढे केली: शुक्रवार, एक पंचवीस, ब्रँडन शहरातला पेट्रोल पंप.

"इथून दीड तासावर होतो मी. कार्डाचे शेवटचे चार आकडे जुळवून बघा."

मेनोने जुळवले. कार्ड कोरं करकरीत होतं, त्यावर सोनेरी चिप चमकत होती. आकडे तेच. पावतीवर मात्र एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं: 'पट्टी घासली.'

"नवं कार्ड आलं तरी नंबर तोच राहिला वाटतं?" सिग्रुनने विचारलं.

"बँकेने तोच ठेवला. जुनं फेब्रुवारीतच कात्रीने कापलं. कार्ड मी दुसऱ्याच्या हातात देत नाही."

"त्सिम्बाली विकायचं म्हणत होतास म्हणे?"

"विनिपेगचा संग्राहक चांगला भाव देत होता. मावशीने ऐकलं नाही, विषय संपला."

"शुक्रवारी तू कुठे होतीस, शेरिल?"

"आईकडे," तिच्याऐवजी तारसच बोलला. शेरिलचा हात थबकला.

दुसऱ्या दिवशी मेनो ब्रँडनला जाऊन वैतागून परतला.

"पंपावरच्या पोरीला कुणाचाच चेहरा आठवत नाही. वर ते मशीन! मी सवयीने कार्ड घासलं, तर म्हणे 'चिप आहे, आत घाला.' तीनदा घासलं, तीनदा तेच. जानेवारीपासून हेच मशीन आहे म्हणे. फुकट फेरी झाली."

"छे रे," सिग्रुन म्हणाली. "कामाची झाली."

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर तिने सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं.

"मेट्रो रांगेत होता, निम्म्या गावाने पाहिलाय. तारस ब्रँडनला होता, असं पावती म्हणते. पण पावती फक्त कार्डाची साक्ष देते, माणसाची नाही. त्यावर लिहिलंय, 'पट्टी घासली.' त्या मशीनवर चिपचं कार्ड घासलं, तर ते नाकारतं. मेनोचं तीनदा नाकारलं. म्हणजे पेट्रोल भरलं ते बिनचिपच्या, नुसत्या चुंबकीय पट्टीच्या जुन्या कार्डाने. नंबर तोच, आणि महिनाअखेरपर्यंत चालू."

"पण ते तर कापलं होतं," मेनो गोंधळून म्हणाला.

"असं तो म्हणाला. कापलेलं कार्ड पेट्रोल भरत नाही, मेनो. ते कुणाच्या तरी पर्समध्ये होतं, आणि त्या माणसाला पिनही ठाऊक होता."

शेरिलने पर्समधून एक झिजलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"आईकडून येताना ब्रँडनला जा म्हणालास. त्याच पंपावर भर, पावती जपून आण म्हणालास." ती तारसकडे वळून म्हणाली. "मला वाटलं, तिथे स्वस्त असेल. काल तूच ती पावती काढून दाखवलीस, तेव्हा काही कळेना. विचारायची भीती वाटली."

तारसने दाराकडे पाहिलं. दारात मेट्रो उभा होता.

"त्सिम्बाली गॅरेजमध्ये आहे," तारस पुटपुटला. "विकली नाही अजून. मावशी, कर्जाचे हप्ते थकले होते गं..."

"पैसे मागितले असतेस तर दिले असते," ओरिशिया म्हणाली. तिने हात पुढे करून त्याच्याकडची दुकानाची किल्ली काढून घेतली.

तिथून ती थेट डोरीनच्या घरी गेली. मेनोने तिला गाडीतून नेलं. डोरीनने दार अर्धंच उघडलं.

"चुकलं माझं," ओरिशिया म्हणाली. "सतरा वर्षं तुझ्यावर दुकान सोडून मी निर्धास्त असायचे, आणि विचारलंसुद्धा नाही तुला. सोमवारी ये."

डोरीनने दार तसंच अर्धं धरून ठेवलं.

"या सोमवारी नाही," ती म्हणाली. "आठवडाभर मला रागावून राहू दे. त्याच्या पुढच्या सोमवारी येईन."

ओरिशियाने मान डोलावली. दार सावकाश लागलं.