डबा जिथे घसरला नाही

"उद्या सभा आहे, म्हणजे आपल्या हातात फक्त आजचा दिवस!" खडकावर उभी राहून ठिणगी भाषण ठोकत होती. "आज काही सापडलं नाही, तर उद्यापासून इथे जाळी पडणार. डोक्यात शिरतंय का?"

"शिरलं," तिचा धाकटा भाऊ तोंडातलं केळं गिळत म्हणाला. "पण शोधायचं काय?"

तिचं खरं नाव वेगळंच होतं, पण राग नाकाच्या शेंड्यावर असल्यामुळे सगळे तिला ठिणगीच म्हणत. भाऊ चोवीस तास खाण्याचा डबा जवळ बाळगायचा, म्हणून तो डबा. सुट्टीत दोघं मावशीकडे यायची. शेजारच्या जाळी विणणाऱ्या काकांची मुलगी त्यांच्या टोळीत तिसरी. जाड चष्मा आणि प्रत्येक गोष्टीला "पुरावा काय?" हा प्रश्न, म्हणून ती प्रोफेसर.

मावशी समुद्रकाठच्या प्रार्थनागृहाची देखभाल करायची. प्रार्थनागृहाच्या दगडी पायऱ्या जिथे संपत, तिथेच एक छोटीशी खाडी होती. तिला सगळे मुकी खाडी म्हणत. तिथे कुणी जाळं टाकत नसे, इंजिन चालू करत नसे. जुन्या माणसांनी तसं वचनच दिलं होतं देवाला. बाकीचा समुद्र आमचा, एवढी जागा तुझी! मासे इथे येऊन अंडी घालत, पिल्लं मोठी झाली की बाहेर पडत, आणि मग सगळ्यांच्या जाळ्यात मासळी येई.

पण गेले काही महिने मुक्या खाडीत मेलेली पिल्लं तरंगू लागली होती. तीही नेमकी प्रार्थनेच्या वारी, भरती आली की! बोटवाले काका तर चौकात उभं राहून सांगत होते, "प्रार्थनेच्याच दिवशी मासे मरतात, म्हणजे देवानेच ही जागा सोडली. मग आपण कशाला सोडायची? टाका जाळी!" आणि बरेच जण माना डोलावत होते.

मावशीने तेव्हापासून नीट जेवणंच सोडलं होतं. "माझ्याच सेवेत काहीतरी चुकलं असणार," एवढंच ती म्हणायची आणि पायऱ्या आणखी जोरात घासायची. हे काही ठिणगीला बघवत नव्हतं. खाडीसाठी निम्मा जीव तुटत होता, आणि उरलेला निम्मा मावशीसाठी.

"काहीतरी वेगळं दिसतंय का, ते शोधायचं," प्रोफेसर म्हणाली. "काहीही. वास, रंग, वस्तू."

तिघं खडकांवरून निघाली. खडक शेवाळाने नुसते बुळबुळीत. डबा तीन पावलं चालला की चौथ्याला आपटायचा, उठायचा, आधी डबा शाबूत आहे का बघायचा आणि मग गुडघा.

"अरे, बघून चाल!"

"बघूनच पडतोय!"

धप्प! पुन्हा एकदा. ठिणगी आणि प्रोफेसर हसून हसून बेजार झाल्या. मग बराच वेळ धप्प आवाजच आला नाही, तेव्हा ठिणगीने वळून पाहिलं. डबा प्रार्थनागृहाखालच्या खडकांवर ऐटीत चालत होता. अगदी बागेत फिरायला आल्यासारखा.

"बघ ताई! मला जमलं!"

"थांब! हलू नकोस!" प्रोफेसर ओरडली. तिने वाकून खडकावर हात फिरवला, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "इथे शेवाळ का नाही?"

खरंच! इकडे हिरवंगार, तिकडे हिरवंगार, आणि मध्ये हा एवढा पट्टा पांढराफटक. एक शिंपला चिकटलेला नाही, एक खेकडा नाही. जणू कुणी खरवडून काढला होता.

"डब्या, आयुष्यात पहिल्यांदा तू न पडून उपयोगी पडलास!" ठिणगीने त्याच्या पाठीत थाप मारली.

पट्ट्यावरून वर वर जात तिघं एका पन्हळीच्या तोंडाशी पोचली. पन्हळ पायऱ्यांच्या कडेने खाली आली होती. पायऱ्या धुतल्या की पाणी इथूनच खाडीत जायचं.

ठिणगीचं हसू मावळलं. पायऱ्या कोण धुतं, हे तिला चांगलंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधी तिघं भिंतीआड दबा धरून बसली. मावशी पदर खोचून आली. तिने कोपऱ्यातल्या निळ्या पिंपातून मगभर पातळ पदार्थ काढला, पायऱ्यांवर ओतला आणि खराटा चालवायला लागली. वाऱ्यावर असा काही उग्र वास आला की डब्याला शिंकच आली. नशीब, मावशी खोकत होती म्हणून तिला ऐकू गेलं नाही.

"हा वास मला माहितीय," प्रोफेसर कुजबुजली. "शेठच्या बोटदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये येतो. बाबांबरोबर गेले होते तेव्हा आलेला."

"ते पिंप शेठनीच दिलंय," ठिणगी म्हणाली. "मावशी सगळ्यांना सांगते. शेठनी देवाच्या घरासाठी साबण दान केला म्हणून."

"पुरावा हवा."

"मिळेल. पण आधी ते पाणी अडवायला पाहिजे. डब्या, तू जा, वाळूने पोतं भर आणि पन्हळीचं तोंड बंद कर. भरती यायच्या आत एक थेंबही खाली जाता कामा नये! आणि पाण्याला हात लावायचा नाही, कळलं?"

"आणि माझी न्याहारी?"

"डब्या!"

"जातो, जातो!"

मावशी कपडे बदलायला घरात गेली आणि दोघी वर्कशॉपकडे धावत सुटल्या. तिथे बोटींचे नांगर, साखळ्या, पाती असं काय काय पसरलं होतं. एक कामगार कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून, तोंडाला फडकं बांधून, गंजलेली साखळी एका टाकीत बुडवत होता. साखळी आत गेली की फसफस आवाज यायचा. वास तोच!

"मागे व्हा!" कामगार ओरडला. "अंगावर उडालं तर कातडी सोलून निघेल!"

"काका, हे वापरून झाल्यावर टाकता कुठे?" प्रोफेसरने साळसूदपणे विचारलं.

"आधी एक गाडी यायची, लांब घेऊन जायची. आता शेठच नेतात. देवाच्या कामाला देतो म्हणाले. आम्ही काय विचारणार?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आता मावशीला सांगायचं कसं?

सांगितलं तर खरं. प्रार्थना संपून लोक अंगणात जमत होते तेव्हा ठिणगीने मावशीला बाजूला घेतलं. एरवी जिची जीभ कात्रीसारखी चालायची ती आज अडखळत होती.

"मावशी... ते पिंपातलं... तो साबण नाहीये. त्यानेच मासे मरतायत."

मावशीने आधी काही समजलंच नसल्यासारखं पाहिलं. मग तिचा चेहरा कठोर झाला. "काहीतरी बोलू नकोस. शेठनी ते देवाला दिलंय. देवाला कुणी विष देतं का?"

"पण मावशी, वर्कशॉपमध्ये..."

"पुरे! मोठ्या माणसावर आळ घेतेस?" एवढं बोलून ती निघून गेली. जाताना तिचे हात ठिणगीला दिसले. बोटांची सालं निघाली होती, भेगांतून लाल दिसत होतं. ठिणगीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि लगेच मागोमाग रागही आला.

"मोठी माणसं आपलं ऐकणार नाहीत," ती प्रोफेसरला म्हणाली. "मग शेठनाच बोलायला लावू."

प्रार्थनागृहात शिरताना सगळे पाय धुवायचे. दाराशी त्यासाठी एक रुंद घंगाळ असायचं. ठिणगीने लांब दांड्याच्या मगाने पन्हळीत साठलेलं पाणी एका बादलीत घेतलं आणि बादली घंगाळाशेजारी ठेवली. घंगाळ पाटाने झाकलं. बादलीजवळ दुसऱ्या कुणी येऊ नये म्हणून प्रोफेसर हात पसरून उभी राहिली.

प्रार्थनेला दांडी मारून सभेपुरते येण्याची शेठची पद्धतच होती. पांढरेशुभ्र कपडे, तोंडभर हसू. दारात ठिणगी नम्रपणे उभी.

"शेठ, आज तुमच्यासाठी खास पाणी ठेवलंय. पाय धुवा ना!"

"वा, वा! गुणाची पोर!" शेठ चपला काढून पुढे सरसावले.

"तुम्ही दान केलेल्या साबणाचं आहे. सकाळी ज्याने पायऱ्या धुतल्या, तेच! त्याच्याहून पवित्र पाणी कुठलं असणार? मी ओतते हं!"

तिने भरलेला मग उचलला मात्र, शेठ एवढ्या जोरात मागे उडाले की मागच्या बोटवाल्या काकांच्या पायावरच चढले!

"ए! ए! वेडी आहेस का? ते पायावर नको! भाजेल!"

अंगणातले लोक जवळ सरकले.

"का बरं?" ठिणगीने हातातला मग अलगद बादलीत ठेवला. "साबण आहे ना?"

"अगं, म्हणजे... ते जरा... कडक असतं," शेठ घाम पुसत म्हणाले.

"मावशी तर दर प्रार्थनेच्या वारी हाताने वापरते!"

आता सगळे शेठकडे बघत होते. प्रोफेसरने संधी साधून वर्कशॉपची टाकी, साखळी, गाडी, पांढरा पट्टा असं सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी "हा पुरावा!" म्हणून बादलीकडे बोट दाखवलं.

"अरे, थोडंसंच तर होतं," शेठ चाचरले. "ती गाडी वेळेवर यायची नाही, वर्कशॉपात ठेवायला जागा नव्हती. म्हटलं, पायऱ्याही स्वच्छ होतील. आणि समुद्र केवढा मोठा आहे! त्याला काय होतंय?"

"समुद्र मोठा आहे म्हणून?"

मावशी गर्दीतून पुढे आली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शेठनी मान खाली घातली.

"देवही मोठाच आहे, शेठ. मग नेऊन ओता की त्याच्या समोर! नाही ना धजावणार? ही खाडीही त्याचंच घर आहे. वरचं घर चकचकीत करायला मी खालच्या घरात विष ओतत राहिले. पिल्लं मेली, तर म्हटलं सेवा कमी पडतेय, आणि आणखी ओतलं!" तिने आपल्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. "देवाने जागा सोडली नव्हती. मीच त्याला बाहेर काढत होते."

ठिणगीने जाऊन तिला घट्ट मिठी मारली. "तुला माहीत नव्हतं, मावशी."

"माहीत नव्हतं म्हणून मेलेले मासे उठत नाहीत गं." मावशीने पदराने डोळे पुसले. "पण तू मला सांगायला आलीस. मी ओरडले, तरी मागे हटली नाहीस. शाबास."

प्रार्थनागृहाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे बाबा म्हणत, ते काठी टेकत उठले. "सभा कशासाठी होती, ते मला आठवतंय. खाडीत जाळी टाकायची असं ज्याला अजून वाटतं, त्याने हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. बोटवाल्या काकांनी तर दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"आपल्या वाडवडिलांचं वचन या तीन पोरांनी राखलं," मोठे बाबा म्हणाले. "आपण नुसती भाषणं करत होतो. पोरांनो, तुमचा आम्हाला अभिमान आहे."

टाळ्या पडणार एवढ्यात खडकांवरून बोंब ऐकू आली, "ताई! ताईऽऽ! पोतं गळतंय! आणि पाणी वर चढतंय!"

डबा! त्या बिचाऱ्याला सगळे विसरलेच होते. सकाळपासून तो पन्हळीपाशी पहारा देत उभा होता, आणि खाडीत भरतीचं पाणी आत येऊ लागलं होतं.

"कोरडी वाळू आणा!" मावशी कडाडली. "वाळू टाका, पाणी शोषू द्या, मग फावड्याने उचला. हात लावायचा नाही कुणी! शेठ, तुमचे हातमोजे मागवा, आणि रिकामी पिंपंही. जे तुमचं आहे ते परत घेऊन जा, आणि त्या लांब नेणाऱ्या गाडीतच घाला!"

मग जी धांदल उडाली! घरातले ठेवणीतले कपडे घालून आलेली माणसं टोपल्यांनी वाळू वाहू लागली. मोठे बाबा काठीनेच वाळू सरकवत होते. बोटवाले काका फावडं मारता मारता धापा टाकत डब्याला म्हणाले, "तू एकटाच होतास रे इथे इतका वेळ?"

"एकटाच! आणि उपाशी!"

शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर लांब हातमोजे चढवून ओली वाळू पिंपात भरत होते. मध्येच ते थांबून म्हणाले, "झालं वाटतं आता."

"कोपरे राहिलेत," मावशी म्हणाली.

त्यांनी कोपरे काढले. भरतीचं पाणी पायऱ्यांना येऊन टेकलं तेव्हा पन्हळ कोरडी ठणठणीत होती. दमलेली माणसं पायऱ्यांवर जिथे जागा मिळेल तिथे बसली. मावशीने भेगाळलेले हात जोडले, आणि कुणीही न सांगता सगळ्यांनी जोडले.