निरांजन शांत होईपर्यंत

ही गोष्ट खरी आहे.

पटली नाही तर सोडून द्या. पण मी एक शब्दही वाढवून सांगत नाही.

श्यामसुंदर ढोमणे माझे साडू. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. जे घडलं ते त्यांच्याच घरात घडलं, आणि रात्री-अपरात्री नाही, तर दिवेलागणीला. खाली पोरं क्रिकेट खेळत असताना. शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आधीचा त्यांनी सांगितला, आणि श्यामसुंदररावांना गोष्टी रचता येत नाहीत.

ते मूळचे यवतमाळचे. मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे त्यांनी आयुष्यभर कारकुनी केली. बायको विजयमाला. तिची फुप्फुसं हळूहळू आकसत चालली होती. शेवटी घरी ऑक्सिजनचं मशीन आणावं लागलं. भाड्याचं, गुडघ्याएवढं, चाकांवरचं. ते दिवसरात्र घुंघुं करायचं. आणि मधूनमधून एक लांब आवाज सोडायचं.

फुस्स...

मशीन आणून देणाऱ्याने बजावलं होतं, "काका, हे चालू असताना जवळ ज्योत नको. दिवा नको, उदबत्ती नको. भडका उडेल."

देव्हारा त्याच खोलीत, कोपऱ्यात होता. विजयमालाने सगळं नीट ऐकून घेतलं. आणि संध्याकाळ झाली तशी नाकातली नळी काढली, पलंगावरूनच हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं.

खट्.

"अहो, निरांजन लावा."

"अगं, पण तुझा श्वास..."

"दिवा न लावता घर अंधारात ठेवायचं का? लावा लवकर. बोलायला लावू नका."

तेव्हापासून रोज तेच. फुंकर मारून दिवा घालवायचा नाही, हा तिचा नियम. तो आपणहून शांत झाला पाहिजे. तोवर ती पलंगाच्या कडेला ताठ बसून राहायची. ओठ निळसर पडायचे. श्वास गळ्याशीच अडखळायचा, लहान लहान, घाईघाईचा.

श्यामसुंदरराव मग फुलवात बारीक वळू लागले. तूप थेंबभर.

"एवढंसं तूप? देवाला फसवता होय?"

"देवाला घाई नसेल. मला आहे."

"तुम्हाला चहाची घाई असणार." एवढं बोलून ती हसायची, आणि हसली की धाप लागायची.

ज्योत शांत झाली की ती मान हलवायची. श्यामसुंदरराव बटण चालू करायचे.

खट्. घुंघुं. फुस्स...

पौष महिन्यात ती गेली. हॉस्पिटलमध्येच गेली. दहावं-तेरावं झालं. मशीनवाले येऊन मशीन घेऊन गेले. फरशीवर चाकांचे काळे ठसे राहिले.

आणि घरात आवाज उरला नाही.

श्यामसुंदरराव रडले नाहीत. वेळेवर उठायचे, वरणभाताचा कुकर लावायचे, पेपर वाचायचे. मुलगी पायल हिंजवडीला नोकरी करते, तिला वाटलं बाबा सावरले. फक्त त्यांना झोप येत नव्हती. आणि देवापुढे दिवा लावणं त्यांनी सोडून दिलं होतं. देवावर राग होता असं नाही. राग यायला आत काहीतरी शिल्लक असावं लागतं.

एकदा मोबाईलवर काहीतरी बघता बघता एक व्हिडिओ लागला. कोणी मुलगा घरच्या घरी क्रिप्टो मायनिंगचा कॉम्प्युटर जोडून दाखवत होता. उघडी लोखंडी चौकट, तिच्यावर ग्राफिक्स कार्ड, त्यांचे पंखे. हा कॉम्प्युटर म्हणे दिवसरात्र आकडेमोड करत राहतो आणि त्याबद्दल इंटरनेटवरचं नाणं मिळतं. श्यामसुंदररावांना नाण्याचं काही कळलं नाही. त्यांनी फक्त पंख्यांचा आवाज ऐकला.

घुंघुं...

मोबाईल उशाशी ठेवला. विजयमाला गेल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी ते जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदार त्यांच्याकडे बघून म्हणाला, "काका, यातून पैसे सुटत नाहीत आता. सुटत असते तर ही कार्डं मी विकायला काढली असती का?"

"आवाज किती करतात?"

"आवाज?" दुकानदाराने चष्मा वर केला. "भरपूर करतात. तेवढं मात्र फुकट मिळेल."

पायलनेही फोनवर डोकं धरलं. "बाबा, ती लाट कधीच ओसरली. वीजबिल बघून डोळे पांढरे होतील तुमचे."

"होऊ दे."

"निदान अनिरुद्धला येऊ दे, तो जोडून देईल." अनिरुद्ध म्हणजे जावई.

"मला काय दुसरं काम आहे?"

त्यांनी स्वतःच जोडलं. व्हिडिओ थांबवत, पुन्हा मागे नेत. कार्डाला वेगळी वायर लावायची असते हे कळायला एक अख्खी दुपार गेली. सुरू करायला बटण नव्हतंच. बोर्डावरच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने एकमेकींना टेकवायच्या. ठिणगी उडेल असं वाटत होतं. टेकवल्या.

पंखे फिरले.

व्हिडिओतल्या मुलाने शेवटी एक सेटिंग सांगितली होती. लाइट जाऊन आली की मशीनने आपोआप सुरू व्हावं, अशी. तीही त्यांनी केली. मग सगळं उचलून बेडरूममध्ये नेलं आणि जिथे ऑक्सिजनचं मशीन असायचं तिथे ठेवलं. त्याच सॉकेटला जोडलं.

घुंघुं सुरू झालं. फुस्स तेवढं नव्हतं. पण झोप लागायला लागली.

थोडे दिवस बरे गेले.

मग एका संध्याकाळी ते स्वयंपाकघरात चहा करत होते, आणि आतून आवाज आला...

खट्.

पंखे थांबले. श्यामसुंदरराव आत गेले. ट्यूबलाइट चालू होती. मशीन बंद. भिंतीवरचं बटण बंद झालेलं.

त्यांनी ते चालू केलं. चहा गाळायला वळले.

खट्.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. दिवसभर मशीन बिनतक्रार चालायचं, दिवेलागणीला बंद पडायचं. अंधार पडल्यावर चालू केलं की मग रात्रभर बंद पडायचं नाही.

इलेक्ट्रिशियन आला. त्याने बोर्ड उघडला, वायर ओढून बघितल्या, नवीन बटण बसवलं.

"काका, लोड जास्त झाला तर तिकडे मेन बोर्डावर ट्रिप होईल. इथलं बटण आपोआप कसं वर जाईल? कोणीतरी दाबतंय."

"घरात मी एकटाच आहे."

"मग तुम्हीच दाबत असाल." त्याने पैसे खिशात घातले. "वय झालं की होतं असं."

नवीन बटणही त्या संध्याकाळी बंद झालं.

श्यामसुंदररावांना भीती वाटली नाही. काहीच वाटत नव्हतं, तर भीती कुठून वाटणार? पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. उन्हाळा आला, दिवस मोठा झाला... तसं बटणही उशिरा बंद व्हायला लागलं. घड्याळाप्रमाणे नाही. उजेडाप्रमाणे.

एक दिवस ते चहा न करता खोलीतच बसले. पलंगासमोर खुर्ची टाकून. खिडकीबाहेरचा उजेड पिवळा झाला, मग राखाडी. पलंगावरची चादर सकाळी ओढली होती तशीच होती.

खट्.

या वेळी त्यांनी बटणाला हात लावला नाही. बसून राहिले.

पंखे हळू होत होत थांबले. आणि त्या शांततेत...

श्वास.

लहान लहान. घाईघाईचा. गळ्याशी अडखळणारा.

पलंगाच्या कडेकडून.

दिसत काहीच नव्हतं. पण बायकोचा श्वास माणूस ओळखतो. ती तशीच ताठ बसली असणार. दिव्याची वाट बघत. इतके दिवस हे बाहेर चहा करत होते, आणि ती अंधार पडेपर्यंत अशीच...

ते उठले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा धावले. फुलवाती नव्हत्या. औषधांच्या डब्यातला कापूस काढून वात वळली. बोटं वळेनात. तूप आणलं, काडी ओढली, निरांजन लावलं.

श्वास ऐकू येतच होता. ते देवाकडे तोंड करून उभे राहिले. मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

ज्योत बारीक झाली. निळी झाली. शांत झाली.

खट्.

पंखे फिरले. घुंघुं सुरू झालं, आणि त्या घुंघुंमध्ये...

फुस्स...

त्या मशीनमध्ये तसा आवाज करणारं काहीच नाही.

त्यानंतर त्यांचा नेम ठरून गेला. संध्याकाळी बटण बंद व्हायच्या आधी फुलवात तयार. बारीक, तूप थेंबभर, तिला त्रास नको म्हणून. ज्योत शांत झाली की बटण आपोआप चालू. पायलने चार दिवस राहायला बोलावलं तर म्हणायचे, मशीन सोडून येता येत नाही. पायल चिडायची. "कमवतंय किती ते? माझा तरी पगार जास्त आहे ना बाबा?"

पण पायलच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आली. तिला नाही म्हणता येईना. मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. जेवण झाल्या झाल्या ते चपला घालून उभे. "साडू, निघू या. दिवेलागणीच्या आत पोचायचंय."

हिंजवडीतून निघतानाच अडकलो. हायवेवरही गाड्या हलेनात. स्वारगेटच्या अलीकडे आलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले.

"थोडं पुढे घ्या ना," ते म्हणाले.

"कुठे घेऊ? बसच्या डोक्यावरून?" मी थट्टा केली. "मशीन काय पळून जाणार आहे का तुमचं?"

ते काचेतून आभाळाकडे बघत होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की त्यांनी स्वतःचा श्वास धरून ठेवला आहे. सोडायचे, आणि पुन्हा धरायचे.

घरी पोचलो तेव्हा मिट्ट अंधार झाला होता. कुलूप त्यांनीच उघडलं. आत काही आवाज नव्हता. मशीनचाही नाही, कसलाच नाही. त्यांनी बेडरूमचा दिवा लावला.

देव्हाऱ्यापुढे फरशीवर काड्या पडल्या होत्या.

अख्खी काडेपेटी रिकामी. मी खाली वाकून एक काडी उचलली. गूल घासून घासून निघून गेलं होतं, पण काडी पेटलेली नव्हती. दुसरी बघितली. तीही तशीच. काही मध्येच मोडलेल्या. एकही जळलेली नाही. लहान मूल ओढतं तशा, हातात जोर नसल्यासारख्या ओढलेल्या.

निरांजनात वात होती. जाड, टपोरी.

"अशी वात ती वळायची," श्यामसुंदरराव म्हणाले. "मी नाही."

मी मागे दारापर्यंत सरकलो. ते मात्र शांतपणे स्वयंपाकघरात गेले, गॅसवर कागद पेटवून आणला, निरांजन लावलं. मी दाराशी उभा होतो. जाड वात, खूप वेळ जळली. ते पलंगाकडे कान लावून उभे होते.

ज्योत शांत झाली.

आम्ही बटणाकडे बघत राहिलो...

काही झालं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच बटण दाबलं. पंखे फिरले. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"नुसता पंख्यांचाच आवाज आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी पलंगावर बसून मला हे सगळं सांगितलं. चहाचा भाव सांगावा तसं.

त्या दिवसापासून मशीन आपणहून कधी बंद पडलेलं नाही. दिवेलागणीला ते स्वतःच बटण बंद करतात, गॅसवरून वात पेटवतात, ती शांत झाली की पुन्हा चालू करतात. संध्याकाळी घराबाहेर जात नाहीत. पायलने मशीन विकून टाकायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

दिवाळीच्या सुमारास त्यांचा मला फोन आला. "साडू, हलक्या हाताने पेटेल असा लायटर मिळतो का? पानाच्या टपरीवरचे बघितले. त्यांचं चाक घट्ट असतं. बोटाला जोर लागतो."

कोणासाठी, ते मी विचारलं नाही. रविवार पेठेत हिंडून एक आणला. नुसतं दाबायचा; अर्धवट दाबला तर गॅस सुटायचा, ज्योत नाही. पारदर्शक, आतला गॅस दिसणारा. त्यांनी तो देव्हाऱ्यात निरांजनाशेजारी ठेवला. जाड वात घालून ठेवलेल्या दुसऱ्या एका निरांजनाशेजारी.

परवा संध्याकाळी गेलो होतो. मशीन चालू होतं. लायटर जागेवरच होता. सहज उचलून बघितला...

आत थेंबभरही गॅस नव्हता.

"संपवलात वाटतं," मी म्हणालो.

"मी हातही लावलेला नाही."

मी निरांजनातल्या जाड वातीकडे बघितलं. पांढरीशुभ्र. टोकसुद्धा काळं झालेलं नव्हतं.

"स्वस्तातला होता," मी म्हणालो. माझाच आवाज मला बारीक वाटला. "गळला असेल."

"असेल."

ते खिडकीशी गेले. बाहेरचा उजेड किती उरलाय ते बघितलं. मग बटणाकडे हात नेत म्हणाले,

"पुढच्या वेळी येताना दुसरा आणा. याच्यापेक्षा हलका."